हाडातला लाल रंग

हे पुस्तक हाडांविषयी आहे, पण प्रस्तावनेची सुरुवात मला रंगाऱ्यांपासून करायची आहे. मी फैजपूरची. आज आमच्या गावाचं नाव घेतलं की लोकांना केळी आठवतात, जाणत्यांना १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. पण १८८० च्या खानदेश गॅझेटियरात फैजपूरची ओळख आहे ती छापील सुती कापडाची आणि निळ्या-लाल रंगांची. निळा निळीच्या झाडाचा. लाल मात्र त्या काळी आपल्याकडे आल नावाच्या झाडाच्या मुळांतून निघे, नाहीतर मंजिष्ठेतून. कापड आधी हिरड्यात आणि तुरटीत भिजवायचं, मग मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी धाग्याला धरते, रंग तुरटीला धरतो, आणि तो लाल मग किती धुतलं तरी उतरत नाही.

या लाल रंगाचा आणि हाडाचा संबंध एका जेवणाच्या ताटात लागला. १७३६ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला जॉन बेल्चर नावाचा शल्यविशारद एका छीट छापणाऱ्याकडे जेवायला गेला. ताटात डुकराचं मांस होतं आणि त्यातली हाडं लाल होती. चौकशी केली तेव्हा कळलं की मंजिष्ठेची युरोपातली बहीण, मॅडर नावाची वनस्पती, तिच्या रंगात कापड रंगवून झालं की ते साफ करायला कोंडा वापरत, आणि तो वापरलेला कोंडा डुकरांना खायला घालत. मांस लाल नव्हतं, चरबी लाल नव्हती, कातडी नव्हती. फक्त हाड लाल. बेल्चरने ते लिहून काढलं. पुढे फ्रान्समध्ये दुहामेलने जनावरांना काही आठवडे हे मूळ खायला घातलं, काही आठवडे बंद केलं, पुन्हा घातलं. हाड कापून पाहिलं तर आत लाल-पांढरे-लाल असे थर. रंग जुन्या हाडाला चढत नव्हता; खाणं चालू असताना जेवढं हाड नव्याने घातलं गेलं तेवढंच लाल झालं होतं. जॉन हंटरने त्यापुढे जाऊन दाखवलं की नवं हाड बाहेरून चढत असताना जुनं आतून काढलंही जात असतं.

पुढे १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेब आणि लिबरमान यांनी हा लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केला आणि जगभर मुळांच्या रंगाचा व्यापार बसला. आपल्याकडच्या आलीच्या शेतीचंही तेच झालं. रंगाऱ्याच्या हातून गेलेला तो रंग मात्र प्रयोगशाळेत टिकला. आजही एखाद्या बशीत वाढवलेल्या पेशींनी हाडाचं खनिज तयार केलं की नाही हे पाहायचं असेल तर त्यावर अलिझरिन लाल ओततात. जिथे कॅल्शियम साठलं असेल तिथे लाल ठिपके उमटतात. फैजपूरच्या मुलामुलींना जीवशास्त्र शिकवताना मी ही गोष्ट दरवर्षी सांगत आले, आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी म्हणालं की आमचे पणजोबा रंगारी होते.

हाड जिवंत आहे, ते रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं, एवढंच या पुस्तकाला सांगायचं आहे. ते सांगायला अडीचशे पानं लागली याचं कारण माझी आजी.

आजी ओसरीच्या पायरीवरून पडली तेव्हा मी अकरावीत होते. फार उंचावरून नाही, दोन पायऱ्या. खुब्याचं हाड मोडलं. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी या वयात शस्त्रक्रिया नको म्हटलं आणि पायाला वजन बांधून तिला खाटेवर ठेवलं. चार महिने ती त्या खाटेवर होती. आधी पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. आम्ही तिला दूध पाजत होतो, खारीक घालत होतो, हाड जुळेल म्हणून दिवस मोजत होतो. ती एक दिवस म्हणाली, ‘‘हाड म्हंजे वाळेल लाकूड, पोरी. मोडलं त मोडलं.’’ फैजपूरला लाकडाचा मोठा बाजार भरत असे, तिने आयुष्यभर वाळलेलं लाकूड पाहिलं होतं, आणि तिच्या पायाकडे पाहून तिला तेच सुचलं. ती गेली. मला तेव्हा काही उत्तर देता आलं नाही. आज मला माहीत आहे की खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून उठवून बसवावं, असा आता जगभरचा रिवाज आहे, आणि तसं करूनही अशा दर पाचांतला निदान एक माणूस वर्षभरात जातो. तिचं वय आडवं आलं, पण त्याहून जास्त आडवी आली ती खाट. खाटेवर हाडांचं काय होतं ते पुढे सांगते.

आधी हाडाच्या आत जाऊ. कोंबडीचं एक हाड घ्या आणि चारपाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्ही हा प्रयोग वर्गात करतो. आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं. बारीक असेल तर गाठही मारता येते. आम्लाने खनिज विरघळवलं, उरला तो कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा धागा. दुसरं हाड विस्तवात जाळा. आकार पुन्हा तोच, पण बोटाने दाबलं की भुगा. धागा जळाला, खनिज उरलं. धाग्यामुळे हाड लवचिक आणि खनिजामुळे टणक. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. शाळेच्या पुस्तकात नसतं ते हे की हा धागा आणि हे खनिज कुणीतरी घातलेलं असतं, आणि ते कुणीतरी काढतही असतं.

घालणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. त्या हाडाच्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी बसतात, आधी कोलॅजन सोडतात आणि मग त्यावर खनिज धरवतात. रंगारी आधी तुरटी धरवून मग रंग चढवतो तसं. काढणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या, आणि मुळात रक्ताच्या कुळातल्या. पांढऱ्या पेशींच्या चुलत घरातल्या म्हणा. हाडाला चिकटून त्या खाली आम्ल सोडतात आणि खड्डा पाडतात. व्हिनेगरच्या बरणीत जे घडतं ते या पेशीखाली एका सूक्ष्म बंद जागेत घडतं. खड्डा खणायला काही आठवडे लागतात, तो भरायला तीनचार महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा बदलून निघतो.

माझ्या भागातल्या वाचकाला हे केळीच्या बागेवरून पटकन समजतं. केळीचं खोड एकदाच निसवतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, ते तोडतात. पण कंदाशेजारी पील उभं असतं, आणि मृगबागेची पुढे पिलबाग होते. बाग तीच, बांध तोच, पाट तोच, पण आज उभं असलेलं एकही खोड मागल्या घडाच्या वेळी नव्हतं. तुमच्या मांडीचं हाड ही अशीच पिलबाग आहे.

तिसरी पेशी मला सगळ्यांत जवळची. काही ऑस्टिओब्लास्ट हाड घालता घालता स्वतःच त्यात चिणल्या जातात. मरत नाहीत, तिथेच राहतात. कित्येक वर्षं, काही तर दशकंही. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या शंभर पेशींत नव्वदाहून अधिक याच असतात आणि माणसाच्या सांगाड्यात त्या चार हजार कोटींच्या घरात भरतील. प्रत्येकीला बारीक फांद्या असतात, त्या हाडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून शेजारणीपर्यंत पोहोचतात, आणि अशी सगळ्या हाडभर जाळी विणलेली असते. फार काळ या पेशी निकामी, अडकून पडलेल्या समजल्या जात. पुस्तकात मी त्यांना ‘जागल्या’ म्हटलं आहे. खानदेशात गावाची राखण करणारा जागल्या असे. तो नांगर धरायचा नाही, भिंत बांधायचा नाही. कुठे काय हललं ते त्याला कळायचं आणि तो आरोळी द्यायचा.

ऑस्टिओसाइट हेच करतात. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित वाकतं, आणि त्या बारीक नळ्यांतला द्रव हलतो. तो हलणारा द्रव जागल्याला जाणवतो. वजन पडतंय असं दिसलं की तो स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी सोडतो. हे प्रथिन बांधणाऱ्या पेशींना थोपवून धरतं. ते कमी झालं की बांधकाम सुरू होतं. वजन पडेनासं झालं की उलट. जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडलं होतं की हाड आपली रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलतं. ते कोण बदलतं हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. स्क्लेरोस्टिनचं जनुक २००१ मध्ये सापडलं, तेही ज्यांची हाडं अतोनात जाड होतात अशा दुर्मीळ आजाराच्या कुटुंबांमुळे, आणि त्याला रोखणारं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते महाग आहे. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ते रोजचं होईल असं मला आज दिसत नाही. पण चालणं फुकट आहे.

आता आजीची खाट. अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्या यात्रींच्या खुब्याचं हाड दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटतं, कारण तिथे पायावर वजनच पडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही तेच होतं, फक्त घरच्या खाटेवर त्याची मोजणी कुणी करत नाही. आम्ही आजीला विश्रांती देत होतो आणि तिच्या हाडातले जागल्ये समजत होते की या बाईला आता हाड लागणार नाही.

आमच्या शिवारात केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापासून गाडीपर्यंत जाणारा मजूर, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येणारी बाई, यांची हाडं भाराशी झुंजून जाड झालेली असतात. ते पाहून माझा एक मोठा गैरसमज झाला होता की कष्टकरी बाईला हाडांचा आजार होत नाही. होतो. भार हाडाला सांगतो की बांध. पण बांधायला माल लागतो, आणि माल दुसरीकडे खर्च होत असेल तर नुसती आरोळी ऐकून काय उपयोग?

शरीरातलं सुमारे एक किलो कॅल्शियम, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि मांसात, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावरच चालते. म्हणून रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की मानेतल्या चार इवल्या ग्रंथी संप्रेरक सोडतात, पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाडातून कॅल्शियम उचललं जातं. शरीराच्या दृष्टीने हाड हे घरातलं कोठार आहे. बाई गरोदर असते, अंगावर पाजते, तेव्हा हे कोठार उघडतं. पाजणं थांबल्यावर ते पुन्हा भरतं, जर ताटात काही असेल तर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची शिफारस प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाजणाऱ्या आईला १२०० मिलिग्रॅम अशी आहे. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि घरात उरतो फक्त चहा, तिथे हा हिशेब कुठे जमणार?

केळीविषयीही इथेच बोलते, कारण मला गावोगाव हाच प्रश्न विचारला जातो. केळी खाऊन हाडं मजबूत होतात का? केळ्यात पोटॅशियम चांगलं आहे, ताकद आहे, पण कॅल्शियम अगदी थोडं. ते सांगताना आमच्याच लोकांचे चेहरे पडतात, तरी सांगावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरात कॅल्शियम आहे ते न सोललेल्या तिळात, शेवग्याच्या पाल्यात, दुधा-ताकात. नाचणी हे आमच्या काळ्या जमिनीतलं पीक नव्हे, पण शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास देणारं असं दुसरं धान्य मला माहीत नाही. दुकानातून आणून का होईना, भाकरीत मिसळायला हरकत नाही.

आणि ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथल्या बाईला ऊन कमी पडतं म्हटलं तर हसू येईल. पण आमच्याकडे ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या न लिहिलेली चिठ्ठी सापडणं कठीण झालं आहे. उन्हातली जी किरणं कातडीत ड जीवनसत्त्व बनवतात ती सूर्य वर चढल्यावरच जमिनीवर नीट पोहोचतात. ‘कोवळं ऊन’ अंगाला सुखावतं, पण त्याचा या कामी उपयोग फार थोडा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन हवं, आणि ते उन्हाळ्यात आमच्याकडे जीव घेणारं असतं. त्या वेळी बाया घरात असतात, बाहेर पडल्या तर डोक्यापासून हातांपर्यंत रुमाल-स्कार्फ बांधून. सावळ्या कातडीला मुळात जास्त वेळ लागतो. म्हणून मी दिवाळीपासून होळीपर्यंतचं दुपारचं ऊन सुचवते, हात आणि पाय उघडे ठेवून, गच्चीवर पापड-वड्या राखायला बसतो तेवढा वेळ.

पाळी जाण्याचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि मुद्दाम. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींचं आयुष्य आखडतं ठेवतं. पाळी जाते, इस्ट्रोजेन ओसरतं, आणि त्या पेशी जास्त दिवस जगून जास्त खोल खड्डे पाडतात. भरणाऱ्या पेशी त्यांना पुऱ्या पडत नाहीत. पहिल्या काही वर्षांतच हाड झपाट्याने उतरतं, आणि त्यात दुखत काहीच नाही. पहिली खबर मिळते ती मनगट मोडतं तेव्हा. हे पन्नाशीच्या आसपास व्हायचं ते तिशीत झालं तर? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायांची नोंद होती आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्याची चर्चा झाली ती शस्त्रक्रियांची, मुकादमांची, बुडणाऱ्या मजुरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर त्या बाईच्या हाडांसाठी पाळी त्याच दिवशी गेली, हे मला कुठे फारसं वाचायला मिळालं नाही. बीजकोश राखले तरी ते पुढे लवकर थकू शकतात. तिशीतली बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढते, आणि तिच्या हाडात साठीच्या बाईचं पोखरणं चालू असतं. या बायांचं हाड कुणीतरी मोजायला हवं. त्यांना गोळ्या कुणीतरी द्यायला हव्यात. ज्यांच्या हाती हे आहे त्यांनी हे पान वाचावं एवढ्यासाठी मी ते प्रकरण तीनदा लिहिलं.

मोडलेलं हाड जुळतं कसं, हा पुस्तकाचा दुसरा भाग. त्यातलं एक चित्र इथेच देते, कारण ते मला आमच्या गावाने दिलं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू आणि असल्याच गावच्या मालातून सजावट उभी केली आणि मोकळ्या शेतात टिळकनगर वसलं. ते कायम राहण्यासाठी नव्हतं, पण हजारो माणसं त्यात वावरली. हाड मोडतं तेव्हा शरीर आधी असंच टिळकनगर उभं करतं. मोडल्या जागी रक्त साकळतं. त्यात पेशी शिरतात, पहिल्या दोनतीन आठवड्यांत मऊ कूर्चेची गाठ धरते. मग ऑस्टिओब्लास्ट त्या गाठीत घाईघाईने खनिज भरतात. धागे वेडेवाकडे, विणही सैल, पण दोन तुकडे हलायचे थांबतात. क्ष-किरणात या टप्प्यावर हाडाभोवती फुगवटा दिसतो आणि लोक घाबरतात की हाड वाकडं जुळलं. थांबा. पोखरणाऱ्या पेशी येतात, तो मांडव उतरवतात, आणि त्यांच्यामागून भरणाऱ्या पेशी कायमचं, भाराच्या दिशेने बसणारं हाड घालत जातात. हे काम महिने, कधी वर्षं चालतं. कातडी कापली तर वण राहतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर वण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं.

याची जाण आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत भग्नाचं, म्हणजे हाड मोडण्याचं आणि सांधा निखळण्याचं, स्वतंत्र प्रकरण आहे. हाडाच्या मोडीचे बारा प्रकार आणि सांध्याच्या निखळण्याचे सहा. हाडांचेही पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात ‘तरुण’ म्हणजे कूर्चा. तिला हाडांच्या पंक्तीत बसवणाऱ्याने नक्की पुष्कळ पाहिलं होतं. गावोगावच्या हाडवैद्यांकडे या परंपरेचं काही ना काही आलेलं असतं. मी त्यांच्यावर रागावून लिहिलेलं नाही. निखळलेला खांदा एका झटक्यात बसवणारे हात मी पाहिले आहेत. पण कामट्या लावून घट्ट आवळलेला पाटा रक्त अडवतो, आणि रक्त अडलं की हाडाच्या आधी हाताचे स्नायू मरतात. बोटं काळीनिळी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना ओरडायला झालं, तर पाटा त्याच क्षणी सोडायचा. सकाळची वाट पाहायची नाही. हाड जुळावं म्हणून देतात त्या कांडवेलीविषयीही विचारतात. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात तिचा जनावरांच्या मोडलेल्या हाडांवर अभ्यास केला आणि हाड लवकर भरताना दिसलं. माणसांवरचे मोठे, काटेकोर प्रयोग त्या प्रमाणात झालेले नाहीत. म्हणून कांडवेल खा, पण प्लास्टर काढून नको. आणि तंबाखू सोडा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि तंबाखू चालू असलेल्या माणसाचं हाड उशिरा जुळतं.

रक्त अडलं की काय होतं, हे आमच्या तालुक्यात उत्तरेकडे तोंड केलं की दिसतं. यावल-रावेरच्या वर सातपुडा आहे. त्यातल्या पाड्यांवर पावरा, भिल्ल, तडवी समाजांत सिकलसेल आहे. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. तो डोंगरात त्याआधी कित्येक पिढ्या होताच. रक्तातली लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते, बारीक वाहिनीत अडकते. तान्ह्या मुलाची हाताची-पायाची बोटं सुजतात, कारण आतल्या इवल्या हाडांना रक्त मिळत नाही. मोठेपणी हाडं ठणकतात, माणूस रात्रभर कण्हतो, आणि पुष्कळदा त्याला वाताचं औषध दिलं जातं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या आणि बारीक. त्या तुंबल्या की त्या गोळ्यातले जागल्ये मरतात. हाड त्या दिवशी मोडत नाही. उभं राहतं, पण रिकामं. आत कुणी नाही. रोजच्या चालण्याने त्यात जे बारीक तडे जातात त्यांची खबर द्यायला कुणी उरत नाही, आणि काही महिन्यांनी, वर्षांनी तो गोळा चेपून बसतो. पंचविशीतला पोरगा लंगडत वर्गात येतो. मी असे विद्यार्थी शिकवले आहेत. आजीच्या वाळलेल्या लाकडाचा खरा अर्थ मला त्यांच्या क्ष-किरणांत कळला: हाड वाळलेलं लाकूड होऊ शकतं, पण त्यासाठी आधी त्यातल्या पेशी मराव्या लागतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं ध्येय आहे. तपासणी होते आहे, चांगलं आहे. माझं मागणं एकच आहे: ज्याचा रक्ताचा अहवाल सिकलसेलचा आला आणि ज्याला मांडीच्या सांध्यात दुखतं, त्याला लंगडण्याआधी एकदा एमआरआय मिळावा. साध्या क्ष-किरणात सुरुवातीचं मरण दिसत नाही. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमाने मिळाली तर दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती पाड्यापर्यंत दर महिन्याला पोहोचली पाहिजे, पावसाळ्यातसुद्धा.

नवं हाड उगवण्याच्या विद्येवर तिसरा भाग आहे. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्हने १९५० च्या दशकापासूनच्या कामातून दाखवलं की हाड हळुवार कापून, दोन टोकं कड्यांत धरून, दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर असं दूर सारलं तर मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. घाई केली तर पेशी मागे पडतात आणि फट रिकामी राहते. फार सावकाश गेलं तर हाड आधीच जुळून बसतं. पेशींना झेपेल तो वेग त्याने शोधला, आणि आज अपघातात हाडाचा तुकडा गमावलेले आपल्याकडचे पाय त्या वेगाने वाचतात. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर प्रामाणिक संशोधन चालू आहे, त्याची माहिती दिली आहे. पण गुडघ्यात एक सुई आणि नवं हाड, अशा जाहिराती करणाऱ्यांकडे कर्ज काढून जाऊ नका.

पुस्तक मराठीत का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. ज्यांच्या हाडांविषयी ते आहे त्यांची भाषा मराठी, लेवा बोली, अहिराणी, पावरी आहे म्हणून. ऑस्टिओसाइटला जागल्या म्हटल्यावर आमच्या बचत गटातल्या बायांनी मला स्क्लेरोस्टिनबद्दल जे प्रश्न विचारले ते मला पदवीच्या वर्गात कुणी विचारले नव्हते. त्यातले बरेच प्रश्न पुस्तकात प्रकरणांची नावं झाले आहेत.

हस्तलिखित पूर्ण होत आलं तेव्हा माझी माय अंगणात घसरली. हातावर भार घेऊन पडली आणि मनगट मोडलं. पाळी गेलेल्या बाईची ठरलेली पहिली खबर. प्लास्टर झालं, हाडाची घनता मोजली, औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवसापासून मी तिला बोटं हलवायला लावली, अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. तिला वाटायचं मी निष्ठुर आहे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा क्ष-किरणात तो मांडव दिसत होता, हाडाभोवती ढगासारखा. वर्षभराने पुन्हा काढला. ती आता दोन्ही हातांनी भाकरी थापते. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तिला चष्मा लावायला सांगितला आणि बोटाने जागा दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं, फिल्म माझ्या हातातून घेतली, उलटी करून पाहिली.

‘‘मंग मोडेल कुठे होतं?’’ तिने विचारलं.